लाहाइना येथील पाळक व त्यांची पत्नी : साथीच्या दिवसांतील ख्रिस्ती सेवा

(मंडळीच्या साप्ताहिक अभ्यासाकरिता पाठ)

शास्त्रवाचन : गणना १२:९–१५, २ राजे २०:१–७, मत्तय ४:५–७, लूक १०:२५–३७, रोम १६:३–५.



गावात साथ शिरली म्हणजे ख्रिस्ती मंडळीपुढे तीन प्रश्न उभे राहतात. प्रार्थना करणाऱ्याने औषध घ्यावे की न घ्यावे? उपासनेस जमावे की घरी राहावे? आणि आजाऱ्याच्या दारी जावे की आपला जीव राखावा? सन २०२० व २०२१ ह्या वर्षी कोरोनाच्या साथीत हे तीनही प्रश्न आपल्या लहान लहान मंडळ्यांतसुद्धा विचारले गेले. काहींनी त्यांची उत्तरे घाईने दिली, काहींनी भीतीने दिली. म्हणून ह्या आठवड्यात आपण एका मिशनरी दांपत्याच्या आयुष्याकडे पाहू. त्यांना हेच प्रश्न निराळ्या देशात, निराळ्या रोगाच्या वेळी सोडवावे लागले. ते दांपत्य म्हणजे रे. ड्वाइट बाल्डविन व त्यांची पत्नी शार्लट, देश हवाई बेटांचा, साल १८५३, आणि रोग आपल्या वाडवडिलांना पुरता ठाऊक असलेला, म्हणजे देवीचा.

१. हे दांपत्य कोण?

प्रशांत महासागराच्या मध्यभागी हवाई नावाची बेटे आहेत. १८५३ साली तेथे स्वतंत्र राज्य होते व कामेहामेहा तिसरे हे राजे होते. अमेरिकन बोर्ड ही मिशनरी संस्था १८१० साली स्थापन झाली. तिचेच मिशनरी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस उतरले, आणि त्याच संस्थेने १८२० साली हवाई बेटांत काम आरंभिले. म्हणजे ज्या हातांनी महाराष्ट्रात अमेरिकन मराठी मिशनची पेरणी झाली, त्याच हातांनी तिकडेही पेरणी झाली. ह्या नात्याने बाल्डविन दांपत्य आपल्याला अगदीच परके नाही.

ड्वाइट बाल्डविन ह्यांचा जन्म १७९८ साली अमेरिकेतील कनेक्टिकट प्रांतात झाला. येल महाविद्यालयातून ते १८२१ साली पदवीधर झाले. पुढे त्यांनी वैद्यकाचा अभ्यास केला, व ऑबर्न येथील धर्मशिक्षणाच्या शाळेत पाळकपणाचेही शिक्षण घेतले. परदेशी जाणारा मिशनरी विवाहित असावा असे बोर्डाचे मत असे. १८३० सालच्या डिसेंबरात त्यांचा विवाह शार्लट फाउलर ह्यांच्याशी झाला. त्या एका मंडळीच्या डीकनची कन्या होत्या. उभयतांची ओळख होऊन थोडेच आठवडे झाले होते. त्याच महिन्याच्या २८ तारखेस न्यू बेडफर्ड बंदरातून त्यांचे शिडाचे जहाज निघाले, ते दक्षिण अमेरिकेच्या टोकास वळसा घालून ७ जून १८३१ रोजी होनोलुलूस पोहोचले. एकशे एकसष्ट दिवसांचा तो प्रवास! माहेर पुन्हा दिसेल की नाही हे ठाऊक नसता ती नववधू त्या जहाजात चढली.

प्रथम काही वर्षे त्यांनी हवाई नावाच्या मोठ्या बेटावर वाइमेआ येथे काम केले. पुढे साहेबांची प्रकृती बिघडल्यामुळे १८३५ साली त्यांस माउई बेटावरील लाहाइना ह्या बंदरगावी पाठविण्यात आले. तेथेच त्यांची पुढील तीस वर्षांहून अधिक सेवा झाली. लाहाइना ही १८४५ पर्यंत राज्याची राजधानी होती, व देवमाशांची शिकार करणारी शेकडो जहाजे तेथे नांगर टाकीत. बाल्डविनसाहेब तेथील मंडळीचे पाळक, खलाशांचे उपदेशक, आणि माउई, मोलोकाई व लानाई ह्या तीन बेटांतील पुष्कळ लोकांचे वैद्य, असे सर्व एकाच वेळी होते. त्यांस आठ मुले झाली. त्यांपैकी दोन लहानपणीच वारली. दुसऱ्याच्या मुलाच्या खाटेजवळ बसण्यापूर्वी ह्या आईबापांनी आपल्या लेकरांना मूठमाती दिली होती, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

२. त्या लोकांवर आलेली संकटे

हवाई बेटे चहूंकडून समुद्राने वेढलेली असल्यामुळे गोवर, डांग्या खोकला, देवी हे रोग तेथे पूर्वी नव्हते. ज्या रोगाशी पिढ्यान्‌पिढ्या गाठ पडली नाही, तो आल्यावर म्हातारे, तरुण व मुले एकदमच आजारी पडतात. मग पाणी कोणी द्यावे व अन्न कोणी शिजवावे? १७७८ साली कॅप्टन कुक ह्याची जहाजे प्रथम आली तेव्हा त्या बेटांत तीन लाख किंवा त्याहून अधिक लोक राहत असावेत असा अंदाज आहे. १८५० च्या शिरगणतीत ती संख्या ८४,१६५ भरली. एकट्या १८४८ व १८४९ ह्या दोन वर्षांत गोवर, डांग्या खोकला, हगवण व इन्फ्लुएंझा अशा साथी एकामागून एक आल्या, आणि अंदाजे दहा हजार माणसे दगावली.

येथे एक कटु गोष्ट मान्य केली पाहिजे. हे रोग परदेशी जहाजांतून आले. ज्या समुद्रमार्गाने शुभवर्तमान आले त्याच मार्गाने मृत्यूही आला. मिशनऱ्यांनी रोग आणला नाही, तरी ते ज्या लोकांतून आले होते त्यांच्या व्यापाराने तो आणला. पुढे मिशनरी घराण्यांतील काही मुले मोठी जमीनदार व साखरेचे मळेवाले झाली, आणि १८९३ साली परदेशी गोऱ्या पुढाऱ्यांच्या हातून तेथील राज्यही उलथले गेले. ह्याकरिता कोणाही मिशनऱ्यास दोषरहित ठरविण्याच्या बुद्धीने आपण हा पाठ वाचीत नाही. एका पाळकाने व त्याच्या पत्नीने एका संकटात जे केले, त्यातून काय घेता येईल एवढेच पाहू.

३. १८५३ सालची देवीची साथ

१८५३ च्या फेब्रुवारीत सॅन फ्रान्सिस्को येथून ‘चार्ल्स मॅलरी’ नावाचे जहाज होनोलुलूच्या बंदराबाहेर आले. त्यावर रोगाची निशाणी म्हणून पिवळा बावटा होता. एक उतारू देवीने आजारी होता. त्यास शहरापासून दूर ठेवण्यात आले व त्या वेळी रोग पसरला नाही. लोकांस हायसे वाटले. परंतु मे महिन्यात होनोलुलू शहरातच देवीचे रोगी सापडले, आणि पाहता पाहता सर्व ओआहू बेट त्या आगीत सापडले. घरेच्या घरे ओस पडली. सरकारी नोंदीत मृतांचा आकडा अडीच हजारांजवळ आहे. खरा आकडा पाच ते सहा हजार असावा असे पुष्कळांचे अनुमान आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस झालेल्या शिरगणतीत सर्व राज्यात ७३,१३८ माणसे उरली होती.

राजधानीत आरोग्याची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळात डॉ. जड हे प्रमुख होते. ते १८२८ साली मिशनचे डॉक्टर म्हणून आले व पुढे राज्याच्या कारभारात शिरले. साथ आवरली नाही म्हणून लोक त्यांच्यावर रागावले, अर्जावर अर्ज झाले, व सप्टेंबरात त्यांस दिवाणगिरी सोडावी लागली. संकटात माणूस दोषी शोधू लागतो; ही रीत सर्व देशांत एकच आहे.

४. बाल्डविनसाहेबांनी काय केले?

होनोलुलूची बातमी येताच लाहाइनाच्या पाळकांनी ओळखले की, आपल्या हाती थोडेच दिवस आहेत. होड्या व लहान गलबते त्या दोन बेटांमध्ये नित्य ये-जा करीत. त्यांनी दोन उपाय धरले : देवी टोचणे, आणि रोग्यास वेगळे ठेवणे. ते माउईवर गावोगाव हिंडले, व नऊ-दहा मैलांची खाडी ओलांडून मोलोकाई व लानाई बेटांवरही गेले. कित्येक महिने हे काम चालले.

हे उपाय का चालतात ते उपदेशकांनी नीट समजून घ्यावे, म्हणजे लोकांस सांगता येईल. देवीचा रोग रोग्याच्या श्वासावाटे, जवळच्या बोलण्याखोकण्यावाटे, तसेच फोडांतील पुवाने व खपल्यांनी मळलेल्या कपड्यांवाटे लागतो. लागल्यावर सुमारे बारा दिवस माणूस धडधाकट दिसतो. मग ताप येतो व अंगावर फोड उठतात. शेवटची खपली पडेपर्यंत तो दुसऱ्यास रोग देऊ शकतो. जो धडधाकट दिसतो त्यालाही पुढे रोग निघू शकतो, म्हणून बाधित गावाहून आलेल्या माणसाला काही दिवस थांबवावे लागते. रोग झालेल्या दर दहांपैकी सुमारे तिघे मरत; जे वाचत त्यांच्या तोंडावर वण राहत व काहींचे डोळे जात.

एडवर्ड जेन्नर नावाच्या इंग्रज वैद्याने १७९६ साली दाखविले की, गाईच्या आचळावर येणाऱ्या सौम्य फोडांतील लस माणसाच्या दंडास टोचली असता त्याला मोठ्या देवी येत नाहीत. त्या काळी बर्फाची पेटी नव्हती. म्हणून एका मुलाच्या दंडावर आठव्या दिवशी जो फोड भरे, त्यातील पाणी घेऊन दुसऱ्याच्या दंडास टोचीत, दुसऱ्यावरून तिसऱ्याला. ही साखळी कोठे तुटली, किंवा काचेवर वाळविलेली लस उन्हाने व लांबच्या प्रवासाने निर्जीव झाली, तर टोचणे व्यर्थ जाई. टोचलेला माणूस आपण सुरक्षित आहो असे समजे, आणि वास्तविक तसा नसे. ह्याकरिता टोचून पुढे निघून जाणे पुरेसे नव्हते. आठ दिवसांनी फिरून येऊन फोड खरा उठला की नाही हे पाहावे लागे. न उठल्यास पुन्हा टोचावे लागे. होडीने फिरणाऱ्या व प्रकृतीने अशक्त असलेल्या पाळकास ह्याचा अर्थ काय, ते वाचकांनी मनात आणावे. एकाच गावी दोनदा, तीनदा; पाऊस असो, ऊन असो.

महाराष्ट्रातही ही साखळी ह्याच रीतीने आली. बसरा येथून जहाजावर एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर लस जिवंत ठेवीत ती मुंबईस आणली, आणि १४ जून १८०२ रोजी तेथे एका तीन वर्षांच्या मुलीस टोचण्यात आले. हिंदुस्थानात यशस्वीपणे देवी टोचलेले ते पहिले मूल. तिच्या दंडावरील लस पुढे पुणे, सुरत व इतर शहरी गेली. एका लहान लेकराच्या दंडातून लाखोंचा बचाव निघाला!

५. बाल्डविनबाईंचे काम

मिशनरी म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे साहेबच येतात. परंतु लाहाइनाचे घर पाहिले असता निराळे दिसते. दगड व पोवळ्याच्या विटांसारख्या तुकड्यांच्या जाड भिंतींचे ते घर एकाच वेळी पाळकांचे बिऱ्हाड, दवाखाना व धर्मशाळा होते. खलाशी, कप्तान, प्रवासी, आजारी व मंडळीतील माणसे ह्यांचा राबता दिवसभर असे. बाई हवाईयन स्त्रियांना व मुलींना वाचन व शिवण शिकवीत, पाहुण्यांचे जेवणखाण पाहत, आणि स्वतःच्या मुलांचे शिक्षणही करीत.

नवरा दुसऱ्या बेटावर असताना दारी आलेल्या माणसाला काय सांगावे, मुलांना काय सांगावे, आणि स्वतःच्या मनाला काय सांगावे, हे तिघांचेही उत्तर त्या घरात राहणाऱ्या स्त्रीलाच द्यावे लागते. साहेब ज्या होडीने जात तीच होडी रोग घरी आणू शकत होती. पुरुष धोक्याच्या कामाला जातो तेव्हा त्याचा अर्धा भार घरी राहणारीच्या शिरावर असतो. रोमकरांस लिहिताना पौलाने प्रिस्किल्ला व अक्विला ह्या जोडप्याचे नाव घेतले, व आपल्या जिवाकरिता ह्या दोघांनी स्वतःचा जीव धोक्यात घातला असे कळविले. तेथे स्त्रीचे नाव आधी आहे. आपल्या मंडळीतील उपदेशकांच्या पत्नींनी हे वचन वाचून धीर घ्यावा, आणि उपदेशकांनी ते वाचून आपल्या पत्नीचे आभार मानावेत.

६. परिणाम काय झाला?

माउई बेटावर देवीने मेलेल्यांची संख्या सुमारे २५० सांगितली जाते. ओआहू बेटावर ती हजारांनी मोजावी लागली. दोन्ही बेटांच्या वस्तीत फारसे अंतर नव्हते. हे सर्व एका माणसाने केले असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. होनोलुलू हे गर्दीचे बंदर होते व तेथे रोग न सांगता शिरला. माउईस काही आठवड्यांची सूचना मिळाली. शिवाय ज्या हजारो हवाईयन आईबापांनी आपल्या मुलांचे दंड पुढे केले, व घरच्या माणसापासून दूर राहण्याचे दुःख सोसले, त्यांच्यावाचून पाळकाचे काही चालले नसते. परंतु मिळालेले आठवडे पाळकाने वाया दवडले नाहीत, हे मात्र त्यांचे श्रेय आहे. लोकांनी त्यांचे ऐकले, कारण ते अठरा वर्षे त्यांच्यात राहिले होते, त्यांची भाषा बोलत होते, व मागील साथींत त्यांच्या दारी आले होते. साथीच्या दिवशी उपयोगी पडणारा विश्वास साथीच्या दिवशी निर्माण होत नसतो.

बाल्डविनसाहेबांजवळ वैद्यकाची पदवी नव्हती. १८५९ साली डार्टमथ महाविद्यालयाने त्यांस ती सन्मानार्थ दिली. ती मिळाली तेव्हा त्यांचे तीन बेटांवरील काम बहुतेक होऊन गेले होते. पुढे वृद्धपणी उभयता होनोलुलूस राहावयास गेली. बाई २ ऑक्टोबर १८७३ रोजी व साहेब ३ जानेवारी १८८६ रोजी प्रभूकडे गेले. लाहाइनाचे त्यांचे घर अनेक वर्षे संग्रहालय म्हणून जतन केलेले होते. ८ ऑगस्ट २०२३ च्या भयंकर वणव्यात लाहाइना गावाबरोबर तेही जळाले. आणि देवीचा रोग? हिंदुस्थानात त्याचा शेवटचा रोगी १९७५ साली सापडला, व १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने पृथ्वीवरून तो नाहीसा झाल्याचे जाहीर केले. घर गेले; परंतु ज्या रोगाशी ते दोघे झगडले, तोही राहिला नाही.

७. आपण काय शिकावे?

(अ) प्रार्थना व औषध ही एकमेकांची वैरी नाहीत. हिज्कीया राजा मरणोन्मुख झाला. त्याने रडून प्रार्थना केली, व परमेश्वराने ती ऐकली. तरीही यशयाने अंजिरांचे पोटीस आणवून गळवावर बांधविले. ज्या देवाने प्रार्थना ऐकली त्यानेच अंजिरेही दिली. शोमरोनी मनुष्याने घायाळ माणसाच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, आणि खाणावळवाल्यास पैसेही दिले. त्याने केवळ आशीर्वाद देऊन वाट धरली नाही. लस टोचून घेणे हा अविश्वास आहे असे म्हणणाऱ्यास हे दोन अध्याय वाचून दाखवावेत.

(आ) देवावर भरवसा ठेवणे आणि देवाची परीक्षा पाहणे ह्यांत अंतर आहे. एक्याण्णवाव्या स्तोत्रात मरीपासून रक्षणाचे अभिवचन आहे, व संकटात आपण ते मोठ्या प्रीतीने म्हणतो. परंतु ह्याच स्तोत्रातील वचन सैतानाने मंदिराच्या शिखरावर प्रभूपुढे ठेवले, आणि प्रभूने खाली उडी टाकली नाही. तेव्हा तेच स्तोत्र तोंडाने म्हणत आजाऱ्याच्या अंथरुणावरून उठून थेट उपासनेच्या गर्दीत बसणे, हे सैतानाच्या वाचनाप्रमाणे वाचणे होय. काही रविवार देवळाचे दार लावून घरोघर उपासना करावी लागली, तर मंडळी मोडत नाही. प्रिस्किल्ला व अक्विला ह्यांच्या घरीच मंडळी भरत असे.

(इ) वेगळे ठेवणे म्हणजे टाकून देणे नव्हे. मिर्यामेस कोड उठले तेव्हा तिला सात दिवस छावणीबाहेर ठेवले. परंतु पुढील गोष्ट पुष्कळ जण वाचीत नाहीत : ती परत येईपर्यंत इस्राएल लोकांनी तळ हलविला नाही. सर्व समाज एका स्त्रीसाठी थांबला. हवाई बेटांतच ह्याच्या उलट उदाहरण घडले. १८६६ सालापासून कुष्ठरोग झालेल्यांस मोलोकाई बेटाच्या एका कोपऱ्यात जन्मभरासाठी नेऊन सोडू लागले. नवरा-बायको, आई-लेकरे ह्यांची ताटातूट झाली, आणि तो कायदा १९६९ पर्यंत चालला. वेगळेपणाला शेवटचा दिवस असावा, भाकर असावी, आणि वाट पाहणारे कोणी असावे. एरवी ती शिक्षा होते. २०२० साली मुंबई-पुण्याहून पायी गावी परतलेल्या आपल्याच माणसांना वेशीवर कसे वागविले गेले, ह्याचा प्रत्येक मंडळीने विचार करावा.

(ई) रोग हा कोणाच्या कोपाचा बाण आहे असे घाईने बोलू नये. आपल्या लोकांत ह्या रोगाला ‘देवी’ हेच नाव पडले, कारण तो मातेच्या कोपाने किंवा तिच्या येण्याने होतो अशी समजूत होती. ती समजूत सोडून ख्रिस्ताकडे आलेल्या पुष्कळांच्या मनात तीच भीती दुसरे नाव घेऊन राहते : ‘अमक्याने पाप केले म्हणून त्याच्या घरी साथ आली.’ जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी हाच प्रश्न केला. प्रभूने तो प्रश्नच बाजूला सारला व त्या माणसास बरे केले. आजाऱ्याच्या दारी पापाचा हिशेब विचारावयास जाणारा उपदेशक पाण्याचा तांब्या नेत नाही.

(उ) खरे बोलणे ही साथीतील मोठी सेवा आहे. रोग लपविला म्हणजे तो शेजाऱ्याच्या घरी जातो. ख्रिस्ती घराने आपल्या घरचा आजार प्रथम सांगावा, व मंडळीने असे वागावे की सांगणाऱ्याला लाज वाटू नये. लाज वाटली की लोक लपवितात. लपविले की मरतात.

८. खेड्यांतील उपदेशकांकरिता

आपल्याजवळ होडी नाही, पदवी नाही, दवाखानाही नाही. तरी पुढील गोष्टी कोणासही करता येतील. साथ नसताना घरोघर जाऊन लेकरांच्या लसीची पुस्तके पाहावीत, व ज्यांचे टोचणे राहिले असेल त्यांना दवाखान्यात आपण स्वतः घेऊन जावे. गावातील आरोग्यसेविकेशी ओळख ठेवावी, आणि तिच्याविषयी मंडळीत आदराने बोलावे. साथ आल्यावर आजाऱ्याच्या दारात अन्न व पाणी कोण ठेवील, गुरांचे कोण पाहील, ह्याची पाळी लावून द्यावी. ख्रिस्ती व अख्रिस्ती असा भेद त्या पाळीत नसावा. आजाऱ्यास भेटावयास जाणारे थोडे असावेत, व त्यांनी तोंड झाकून, हात धुऊन, जपून जावे. निष्कारण मरणे ही हौतात्म्याची व्याख्या नव्हे. ज्यांच्या घरी मृत्यू झाला आणि गर्दी नको म्हणून ज्यांच्या दुःखात कोणी येऊ शकले नाही, त्यांच्याकडे साथ ओसरल्यावर अवश्य जावे. तो राहिलेला शोक आहे. तो आपोआप जात नाही.

चर्चेकरिता प्रश्न :

१. बाल्डविनसाहेबांना आठ दिवसांनी पुन्हा त्याच गावी का जावे लागे? आपल्या सेवेत ‘पुन्हा जाऊन पाहणे’ कोठे राहून गेले आहे?

२. हिज्कीया राजाने प्रार्थनाही केली व उपचारही करून घेतला. ह्यांपैकी एकच करणाऱ्यास आपण काय सांगाल?

३. मिर्यामेसाठी लोक थांबले. २०२०–२१ साली आपल्या गावात कोणासाठी कोणी थांबले नाही, असे घडले काय? त्या घराशी आज आपला संबंध कसा आहे?

४. आपल्या मंडळीतील कोणत्या स्त्रीच्या श्रमामुळे दुसऱ्या कोणाला सेवेस जाता येते? तिचे आभार शेवटी केव्हा मानले?

प्रार्थनेचे विषय : गावोगाव लस टोचणाऱ्या परिचारिका व आरोग्यसेविका, साथीत आईबाप गमावलेली मुले, वणव्यात उद्ध्वस्त झालेल्या लाहाइना गावचे लोक, आणि आपल्या मंडळीतील सर्व पतिपत्नी, ह्यासाठी की त्यांनी एकमेकांचा भार उचलावा.